वैनगंगेतला काळा बोया

नागभीडहून वडशाला उतरले तेव्हा स्टेशनबाहेरच्या भिंती नाटकांच्या जाहिरातींनी भरल्या होत्या. मी मात्र समुद्रातली एक गोष्ट पाहायला आले होते, तीही वैनगंगेत. सलीमभाई वेल्डर दुकानासमोर रिकामी पिंपं रंगवत होते. पूर्वी ते बंदरातले बोये (पाण्यात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणा) दुरुस्त करणाऱ्या बोटीवर होते. आता नदीपलीकडच्या गावासाठी दोन बोये करून देत होते.

धरणातून पाणी सोडलं की धारेतला खडक दिसेनासा होतो. पलीकडच्या गावाची एकच नाव, देवाजीभाऊ ढिवरांचा लाकडी डोंगा, त्यावर एकदा आपटला आणि तळाला ठिगळ लागलं. पुन्हा जोरात आपटला तर डोंगा जाईल, आणि त्याच्याबरोबर पलीकडच्यांचा दवाखाना, बाजार, पोरींचं कॉलेजही. पूल हा त्यांचा हक्क आहे, हे मी माझ्या पत्रकांत लिहीत राहीनच. पण पूल होईपर्यंत लोकांनी बुडत राहावं, हे कुठल्याच तत्त्वात बसत नाही.

टेम्पोत सलीमभाईंनी मला समुद्र शिकवला. बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे, हिरवा उजवीकडे ठेवायचा आणि मधून जायचं. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा बोया म्हणजे भोवती सगळीकडे खोल पाणी. काळ्या-पिवळ्याच्या डोक्यावरचे शंकू कोणत्या बाजूने जावं ते सांगतात. नुसता पिवळा राखीव जागा दाखवतो. काही बोये तर फक्त जहाज बांधून ठेवायला असतात.

घाटावर देवाजीभाऊंच्या मदतीने दगडांचे नांगर बांधून आम्ही खोल वाटेच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला हिरवा बोया सोडला. लालच्या बाहेर खडक होता, हिरव्याच्या बाहेर वाळू. मग शेवंताबाईंनी, म्हणजे देवाजीभाऊंच्या बायकोने, भात, झिंग्यांचा रस्सा आणि लाखोरीची भाजी वाढली. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, शहरात उपाशी ठेवतात वाटते.

जेवणानंतर चाचणी. डोंग्यात आम्ही चौघंच. धार लागली, बोये जवळ आले, आणि देवाजीभाऊंनी सरळ लालच्या बाहेरून वल्हं मारलं. खालून खर्रर्र आवाज आला. ठिगळातून पाणी झिरपू लागलं. शेवंताबाई भगोण्याने ते उपसत राहिल्या. कसेबसे पलीकडच्या काठाला लागलो.

सलीमभाई चिडले होते. "अरे यार देवाजी, मधातून काढ मनलं होतं ना तुले? बाजूनं काऊन गेला?"

देवाजीभाऊ ठिगळावरून हात फिरवत होते. "दोन तुंब्यांच्या मधात जाळं रायते, सलीमभाऊ. वल्हं आपल्याआप वळते."

तुंबा म्हणजे वाळवलेला भोपळा. जाळ्याच्या दोन टोकांना तो बांधतात. या नदीवर तुंबा दिसला की लांबून जायचं. पहारा नाही, कुलूप नाही, तरी कोणी दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावत नाही. सामाईक मालकीवरची पत्रकं वाचतच मी वाढले. ती मालकी इथे पाण्यावर तरंगताना पाहून मला ओल्या चपलांचंही काही वाटेना.

"याले मेलं तरी लोकाच्या जाळ्यावरून जाणं होत नाई," शेवंताबाई म्हणाल्या. "मंग भेव जिथी हाये तिथीच बांधा ना तुंबा."

सलीमभाई हसायला लागले. समुद्रात असा बोया असतोच, म्हणाले: काळा, मध्ये लाल पट्टा, डोक्यावर एकावर एक दोन काळे गोळे. धोका बरोबर खाली आहे, वळसा घाला.

ठिगळावर डांबर वाळेपर्यंत गावातलं एक रिकामं पिंप काळं झालं. गोळ्यांसाठी शेवंताबाईंनी दोन तुंबे दिले. ते रंगवून, दांडीवर चढवून आम्ही बोया थेट खडकावर नांगरला आणि जुने दोन्ही काढून घेतले.

परतताना डोंग्यात बाजाराची माणसं होती, एक बकरीही. देवाजीभाऊंनी काळ्या बोयाला लांबूनच, अदबीने वळसा घातला. तळाला काही लागलं नाही. खाली जाळं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी वल्हं वळलंच, असं मी म्हटलं.

"जाळंच हाये ना ते," ते म्हणाले. "खडकाचं. त्याचं त्याले राहू द्या."

वडशाला परतीच्या गाडीत बसल्यावर पत्रक लिहायला घेतलं. पुलाची मागणी पहिल्या ओळीत आहेच. पण पुढचा मजकूर बदलला: पूल कुठे बांधायचा हे ठरवताना, ज्यांचं वल्हं आपोआप वळतं त्यांना आधी विचारा.