मिस ओर्लीनच्या वहीतले दोन रकाने

नवी पेन्सिल आणली की ओर्लीन स्टॅकहाउस आधी तिच्या मागचं खोडरबर चाकूने कापून टाकते. "मैदानावर झालं ते झालं," ती म्हणते. "मग वहीत तरी कशाला पुसायचं?"

लॅमॉन्ट गावातल्या आमच्या कॉलेजात ती चौतीस वर्षं कारकून होती, आणि दर शनिवारी अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या खेळाच्या, संघाची टिपणं ठेवायची. चेंडू कुणी धरला, कुठल्या बाजूने पळाला, किती यार्ड मिळाले, कुणाचा पाय कुठे चुकला. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. आधीचा टिपणारा आजारी पडला, ही त्याच्या जागी बसली ती उठलीच नाही. आता एकाहत्तर वर्षांची आहे, निवृत्त आहे, बाक तोच आहे.

रोनेल टॉलिव्हर याच कॉलेजचा खेळाडू. दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा गेला आणि एक अख्खा हंगाम त्याने ओर्लीनशेजारी बसून काढला. तिने त्याच्या हातात वही दिली. "चेंडू सगळेच बघतात," ती म्हणाली. "तू पाय बघ." रोनेल पुढे फारसा खेळला नाही, पण पाय बघायला शिकला. त्या जोरावर सव्वीस वर्षं त्याने निरनिराळ्या संघांत दुय्यम प्रशिक्षकाची कामं केली. गेल्या फेब्रुवारीत देशातल्या सर्वांत वरच्या साखळीतल्या एका संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. त्या संघाच्या साठ वर्षांतला पहिला काळा मुख्य प्रशिक्षक.

आमच्या चर्चमध्ये पाद्र्यांनी त्या रविवारी तीनदा सगळ्यांना उभं केलं. ओर्लीन तिन्ही वेळा उभी राहिली. बाहेर पडताना मात्र पाद्र्यांना म्हणाली, "पहिला, पहिला म्हणून सगळं सांगितलंत. तो कशात चांगला आहे, ते राहिलं."

हंगाम सुरू झाला आणि रोनेल दर सोमवारी दुपारी पत्रकारांसमोर बसू लागला. टीव्हीवर ते थेट दाखवत. ओर्लीनने मांडीवर मटारचं टोपलं घेतलं, शेजारी वही ठेवली आणि पानावर दोन रकाने आखले. एक खेळ, एक रंग. प्रत्येक प्रश्नाला एक रेघ.

पहिल्या सोमवारी एकोणीस प्रश्न आले. रंग चौदा, खेळ पाच.

"'गोरे खेळाडू तुमचं ऐकतील का?' हा कुठे घातलास?" क्लीटसने विचारलं. क्लीटस म्हणजे तिचा नवरा, तीस वर्षं ब्रेडची गाडी चालवलेला; लग्न झालेल्या बाईलाही आमच्याकडे मानाने मिसच म्हणतात.

"रंगात."

"खेळाडू आहेत ना त्यात? खेळात घाल."

"गोऱ्या प्रशिक्षकाला विचारतात का असं? नाही ना? मग रंगात."

क्लीटसला हा हिशेबच पसंत नव्हता. शाळेत तो संघाचा मुख्य खेळाडू होता, चाली ठरवून चेंडू फेकणारा. सैन्यात गेल्यावर तिथल्या प्रशिक्षकाने त्याला कडेला पळायला लावलं. डोकं लागतं त्या जागेवर तुमच्यातले नकोत, असं तोंडावर सांगून. "शंभर वर्षं कुणी हा प्रश्न तोंडातून काढला नाही," तो म्हणाला. "आता कुठे विचारताहेत, तर तुझी पेन्सिल झिजते होय?"

"विचारू देत की. विचारायलाच हवं. एकदा विचारा, नीट विचारा, मालकांना विचारा. साठ वर्षं काय करत होतात म्हणून. त्याला का विचारता? त्याने थोडंच अडवलं होतं स्वतःला?"

यावर क्लीटसने मटार सोलायला घेतले.

ओर्लीनला एकच धास्ती होती. रंगाचे प्रश्न संपायच्या आत रोनेलची नोकरी संपली, तर लोकांच्या लक्षात एवढंच राहील की एक काळा प्रशिक्षक आला होता आणि गेला. त्याला काय दिसतं, हे कुणाला कळणारच नाही.

तिसऱ्या आठवड्यात मोठ्या शहरातल्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार लॅमॉन्टला आला. कायल हेन्ड्रिक, तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. शनिवारचा सामना चालू होता. पूर्वार्धात ओर्लीनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मध्यंतर झालं तसा तो उठला आणि ध्वनिमुद्रक घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

आमच्याकडे मध्यंतरात कुणी उठत नाही. कॉलेजचा बँड मैदानात उतरतो. पाणी प्यायचं, मोकळं व्हायचं ते आधी किंवा नंतर.

"ओ साहेब, खाली बसा!" मागून आवाज आला.

"काचेचे आहात का तुम्ही?"

"अरे बाळा, ट्रॉम्बोन दिसत नाहीये मला! तुझ्या आईला सांगेन हं!"

कायल बसला. पुढची वीस मिनिटं त्याने निमूटपणे बँड पाहिला. बँड बाहेर पडला आणि अर्धं मैदान शौचालयाकडे धावलं, तेव्हा त्याने विचारलं, "मिस ओर्लीन, एक काळी स्त्री म्हणून, रोनेलना त्या पदावर बघताना..."

ओर्लीनने वहीचं मागचं पान उघडलं आणि रंगाच्या रकान्यात एक रेघ मारली. मग वही त्याच्यापुढे धरली. त्याने तीन सोमवारांच्या रेघा वाचल्या. त्याचे कान लाल झाले.

"यातल्या सात माझ्याच असतील," तो म्हणाला.

"आठ. ही आत्ताची धरून."

सामना संपल्यावर गाड्यांच्या तळावर लोक कॅटफिश मासे तळत होते. तिथे त्याने दुसरा प्रश्न विचारला. रोनेलला नेमकं दिसतं काय? ओर्लीनने मीठ आणि मिरपुडीच्या डब्या मांडून त्याला पाऊण तास समजावलं. समोरचा गडी धावून येणार असेल तर त्याची टाच आधी कशी उचलली जाते, मागे सरणार असेल तर बोटं कशी वळतात. त्याचा लेख आला तेव्हा मथळा रंगाचाच होता. पण नवव्या परिच्छेदात टाच होती. ओर्लीनने तेवढाच परिच्छेद कापून वहीत चिकटवला.

सहाव्या रविवारी रोनेलचा संघ तीन गुणांनी हरला. शेवटी तीन गुणांनी मागे असताना पुढे सरकायला एक यार्ड हवा होता आणि चौथा, अखेरचा प्रयत्न हाती होता. अशा वेळी चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुण घेतात आणि बरोबरी साधतात. रोनेलने चेंडू घेऊन डावीकडून धावायला सांगितलं. धावणारा जागच्या जागी गाडला गेला.

सोमवारी पत्रकार त्याच्यावर तुटून पडले. लाथ का नाही मारली? डावीकडूनच का? हा हट्ट होता का? सामना तुम्हीच घालवलात, हे मान्य आहे? एकाने तर कागदावर चाल काढून आणली होती. रोनेलच्या कपाळावर घाम दिसत होता.

ओर्लीनने शेवटची रेघ मारली आणि वही क्लीटसकडे सरकवली. त्याने चष्मा लावून मोजलं, पुन्हा मोजलं.

"बावीस खेळ," तो म्हणाला. "रंग शून्य. सोलून काढला गं पोराला."

"अगदी इतरांना सोलतात तसा," ओर्लीन म्हणाली, आणि उठून मक्याची भाकरी ओव्हनमध्ये घातली. ती गुणगुणत होती. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला गुणगुणताना क्लीटसने चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी रोनेलचा फोन आला. दर सोमवारी येतो.

"मिस ओर्लीन, बघितलंत काय केलं माझं? आज किती?"

"बावीस-शून्य."

पलीकडे तो हसला. "म्हणजे जिंकलो म्हणायचं."

"जिंकलास कसला! त्यांच्या मधल्या गड्याची टाच उचललेली होती. डावीकडे भिंत उभी राहणार हे मला इथे खुर्चीतून दिसलं. तू काय बघत होतास?"

"मिस ओर्लीन, त्या गडबडीत..."

"चेंडू बघत होतास."

"हो, मॅम."

"वही घे," ती म्हणाली, आणि आपल्या वहीचं कोरं पान उघडलं.