मुक्ताबाईचा काढा

मिरजगावच्या मुक्ताबाईला कुणी अडाणी म्हणू नये. सातवी शिकलेली, बचत गटाची अध्यक्ष, बाजारात भल्याभल्यांना गप्प बसवणारी बाई. पण अब्रूचा प्रश्न आला की शहाण्या माणसाचंही डोकं फिरतं, तसं तिचं फिरलं.

एकुलती एक लेक संस्कृती, अठरा वर्षांची. पोलीस भरतीसाठी रोज हायवेच्या कडेनं पळायची. दिवाळीनंतर ती पांढरीफटक पडत चालली. हंडा उचलला की धाप लागायची, दोनदा चक्कर येऊन पडली. एक दिवस मुक्ताबाईनं तिचं अंथरूण झटकलं, तर उशाखालून चुलीच्या भाजक्या मातीचे खडे पडले. कुरतडलेले.

मुक्ताबाईनं एक खडा उचलून हुंगला. ही पोर पोटात असताना तिला स्वतःला याच मातीचे डोहाळे लागले होते. तिनं बोटं मोजली. पोर कडेला बसल्याला चार महिने झाले होते.

या घरात पाळी आली की बाई कडेला बसते. सासू भामाबाईचा कडक नियम: गोठ्याशेजारची खोली, कुणाला शिवायचं नाही, अंगावरून जायचं थांबेपर्यंत बाहेर पडायचं नाही. त्यामुळे घरातल्या बायकांच्या तारखा घरभर पाठ.

"चार म्हयने कडंला बसली न्हाईस," मुक्ताबाई दबक्या आवाजात म्हणाली. "खरं काय ते सांग."

संस्कृतीला वाटलं, विटाळ लपवल्याची चोरी पकडली गेली. "चुकलं, मम्मी. आजीला सांगू नको. भरती होऊ दे, मग काय करायचं ते कर मला."

झालं! मुक्ताबाईला कबुली मिळाली. पुढं एक प्रश्न विचारला असता तर? नाही विचारला. आईला तो प्रश्न तोंडातून काढायची लाज वाटली. काय म्हणावं या लाजेला!

मुक्ताबाईनं सासूच्या कानावर घातलं, तसा भामाबाईनं कपाळावर हात मारला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. दवाखान्याचं नाव काढू नको, गावभर बोंब हुईल." म्हातारीला पाळी उतरवायचा काढा ठाऊक होता. मुक्ताबाईनं तो उकळला आणि पोरीपुढं धरला.

"ताकदीचा हाय. पी."

"लई कडू हाय गं," म्हणत संस्कृतीनं नाक दाबून तो संपवला. तीन दिवस प्याली. आई आपल्यासाठी एवढं करते म्हणून चौथ्या दिवशी पिऊन पेला स्वतःच विसळून ठेवला.

त्याच दुपारी तिच्या अंगावरून जायला लागलं, ते थांबेना. आणि मुक्ताबाईला, देवा शपथ, सुटल्यासारखं वाटलं. जाऊ दे, सगळं पडून जाऊ दे, असं म्हणत तिनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी पोरीची जीभ कागदासारखी पांढरी झाली, तेव्हा कुठं गाडी करून नगरला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "बारा हवं तिथं अडीच रक्त आहे. हे दोन दिवसांचं नाही, महिनोन्‌महिन्यांचं आहे. पाळीत किती दिवस जातं हिला?"

"पाळी येतच न्हाई हिला," मुक्ताबाई म्हणाली. "पोटात..."

"पोटात काहीही नाही. तपासलंय आम्ही."

खाटेवरून संस्कृती हळू बोलली, "दर म्हयन्याला येती. नऊ-नऊ दिवस, लई. सांगितलं असतं तर कडंला बसावं लागलं असतं. माझं पळणं बुडलं असतं."

दर पाळीला एवढं रक्त गेलं की अंगातलं लोह संपतं, चक्कर येते, माती खावीशी वाटते, डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. वेळेवर आणली असती तर औषधांनी बरी झाली असती. पहिली रक्ताची पिशवी अर्धी संपायच्या आत पोरीचं काळीज थांबलं.

गाव ते गावच. दहाव्याला घाटावर प्रवचन चालू असताना बायका कुजबुजत होत्या, पोरीचं पाऊल वाकडं पडलं म्हणे. लोकांच्या जिभेला कुठं हाड असतं! मुक्ताबाईनं ते ऐकलं. गप्प बसली असती तर ती स्वतः वाचत होती, लेक मात्र कायमची बदनाम होत होती. श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली तशी ती उठली आणि तिनं माईक हातात घेतला.

"खाली बस गं, पुरुषमाणसं हायेत," भामाबाईनं पदर ओढला.

"असू द्या, आत्याबाई." माईकवर तिचा आवाज फाटला. "माझी लेक चांगली हुती. तिला दर म्हयन्याला पाळी येत हुती, नऊ-नऊ दिवस. रक्त जाऊन जाऊन ती रिकामी झाली. जे उरलं हुतं, ते मी काढा पाजून काढलं."