मध्ये खांब नसलेला हॉल

गोव्यात, सर्वण गावी घर बांधायला काढलं तेव्हा बाबांची अट एकच होती. "मधी खांब नको गो. चवथीक मागे उभो रवलेल्याक पण देव दिसाक व्हयो." पाळी गावच्या खाणीवर जन्म काढलेला माणूस, हट्टाला पेटला की कुणाचं ऐकायचा नाही. घरात इंजिनियर मी एकटीच. वाद घालायला मला आवडतं, पण त्या दिवशी घातला नाही.

हॉल चोवीस फूट रुंद. मध्ये खांब दिला असता तर सव्वा फुटाच्या बीमवर भागलं असतं. खांब नको म्हटल्यावर बीमची उंची दोन फुटांवर गेली, खालच्या सळ्याही जाड झाल्या. गवंडी हसला. "बाय, हेच्यावरसून खाणीचे ट्रक जातले काय?" माझ्या हिशोबाला हसलेलं मला सोसत नाही. मी त्याला मापं पुन्हा वाचून दाखवली.

पहिल्या चवथीला, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीसमोर सगळं घराणं मावलं. बाबा मुद्दाम सगळ्यांच्या मागे, दाराशी उभे राहून आरती म्हणत होते. इतका खूश बाप मी त्याआधी पाहिला नव्हता.

ते गेले आणि माझ्या दोघा भावांचं बिनसलं. कशावरून, ते आता त्यांनाही धड सांगता येणार नाही. चुली वेगळ्या झाल्या. मग बरोबर बीमखाली भिंत घालून हॉलचे दोन भाग करायचे आणि गणपतीही वेगवेगळे आणायचे, असं ठरलं. भिंत चालेल का, हे बघायला थोरल्याने मला पेडण्याहून, सासरहून बोलावून घेतलं.

दोघे दोन बाजूंना उभे होते. आई मधोमध पाटावर बसून माझ्याकडे एकटक बघत होती. मी वर पाहिलं. भिंतीचं वजन जमिनीवर जाणार, बीमला काही होणार नव्हतं, उलट आधारच मिळणार होता. तसं मी सांगितलं. सांगताना रडू आलं आणि त्या दोघांचा भयंकर रागही आला. त्यांनी लगेच टेप धरून मापं घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यापुरतं मात्र त्यांचं छान जमलं.

आई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. आठवडाभर ती माझी वाट बघत होती. मी येऊन भिंतीला नाही म्हणेन, एवढीच तिची आशा होती.

"एवढो मोठो तुझो बीम गो," ती म्हणाली, "आणि एका भिंतीक नको म्हणूक येणा नाय तेका?"