शिडीवरून दिलेली कबुली

बाटल्यांच्या कारखान्यातले वायरमन काका म्हणजे जुनं खोड! मशीनला हात लावला की तिचं दुखणं त्यांना कळायचं. नवी मोठी मोटर बसली त्याच आठवड्यात इंजिनिअर मुलीनं नवा प्रोग्रॅम टाकला आणि बाटल्या भरायची लाइन दिवसातून दहादा बंद पडायला लागली. स्क्रीनवर एकच रड, "संपर्क तुटला." सगळ्यांनी खापर तिच्याच माथी फोडलं. मॅनेजर तर तिला कामावरून काढायलाच निघाला.

काकांनी शिडीवर चढून छताजवळच्या केबल ट्रेचं झाकण काढलं. सिग्नलची केबल मोटरच्या केबलला चिकटून पडली होती. मोटर चालू झाली की तिच्या विजेच्या गोंगाटात सिग्नल बिचारा बुडायचा. आणि ही सिग्नलची केबल बारा वर्षांपूर्वी काकांनीच तिथे टाकलेली, घाईघाईत! जुन्या लहान मोटरच्या वेळी ते खपून गेलं होतं. रिटायर व्हायला चार दिवस उरले होते. गुपचूप सरकवली असती तर कुणाला कळलंही नसतं, पण पोरीवरचा डाग तसाच राहिला असता.

ते वरूनच खाली उभ्या मॅनेजरला ओरडले, "साहेब, पोरीला सोडा! हे माझं पाप आहे!"

"काका, आधी खाली तरी उतरा!" शिडीखालची इंजिनिअर मुलगी रडता रडता हसली.

"उतरतो कसला? केबल कोण हलवणार, तुझा कॉम्प्युटर?"