दातांवर ढकललेला ताप

आमच्या मुलीला सातव्या महिन्यापासून जे काही झालं, ते दातांमुळे झालं. रडली, दात. झोपली नाही, दात. जरा जास्त झोपली, तरी दातच. बरं, तोंडात बोट घालून बघावं तर हिरड्या गुळगुळीत! एवढा गाजावाजा करून येणारे हे दात होते की हत्तीचे सुळे, देव जाणे.

हे निदान सासूबाईंचं. माझी बाळंतपणाची रजा संपली तेव्हा त्या नातीला सांभाळायला अमरावतीहून आमच्याकडे कोथरूडला आल्या होत्या. नवरा आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, वेगवेगळ्या कंपन्यांत. नव्या नव्या इमारती, नव्या नव्या बस, आणि कंपनीची सकाळची बस चुकली की दिवसाचा बट्ट्याबोळ. सासूबाई नसत्या तर मला नोकरी सोडावी लागली असती, हे खरंच. पण म्हणून काय त्यांनी डॉक्टरही व्हायचं?

नवव्या महिन्यात तिला सडकून ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. तीन दिवसांनी आपोआप उतरला आणि सगळ्यांनी दातांना हात जोडले. पंधरवडा झाला नाही तोच परत ताप. मी बस सोडून दिली आणि साहेबांना फोन केला. लग्न न झालेला माणूस तो. तो म्हणतो कसा, "ओह, टीथिंग असेल." म्हटलं, अरे बाबा, तुलासुद्धा माहीत! जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, "दात गं, दुसरं काय." नवऱ्याला विचारलं तर तो लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आई म्हणतेय ना." माझं डोकंच फिरलं. तापलेली पोर उचलली, रिक्षा केली आणि डॉक्टरांकडे गेले.

आमचे डॉक्टर म्हातारे आणि तुसडे. त्यांच्याकडून गोड बोलून घ्यायचं असेल तर आपलं वय एक वर्षाच्या आत पाहिजे.

"काय होतंय?"

"ताप. सगळे म्हणतात दातांमुळे."

"सगळे म्हणजे?"

"सासूबाई, शेजारी, माझे साहेब."

"घेऊन या सगळ्यांना. त्यांचेच दात बघतो एकदा."

मग त्यांनी तिला नीट तपासलं. कान, घसा, छाती, पोट. आणि म्हणाले, "दात येताना लाळ गळते, मूल चिडचिडं होतं. असा ताप येत नाही. मुलगी आहे, सर्दी-खोकला नाही, आणि ही दुसरी वेळ. लघवीत जंतू आहेत का ते बघायचं. हे अंगावर काढलं आणि मूत्रपिंडापर्यंत गेलं, तर तिथे कायमचे व्रण पडू शकतात. समजतंय का?"

समजत होतं.

"नमुना मिळेपर्यंत फक्त तापाचं औषध. जंतू मारायचं कुठलंही औषध द्यायचं नाही. ते पोटात गेलं की तपासणीत जंतू सापडत नाहीत, आणि मग आपण सगळे आंधळे."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "बाप्पा! पोर तापानं फणफणते आणि औषध नाही? मग हा डॉक्टर काहून झाला?"

आता नऊ महिन्यांच्या बाळाची लघवी स्वच्छ बाटलीत धरणं म्हणजे काय, हे ज्यानं धरली त्यालाच ठाऊक. बाळाला धुवून पुसून सासूबाईंनी मांडीवर घेतलं. मी समोर बाटली धरून उकिडवी. बाथरूमचा नळ बारीक सोडलेला. सासूबाईंचं "श्शूऽऽ, श्शूऽऽ" चालू. पाठोपाठ माझंही. नवरा फोनवरच्या मीटिंगमध्ये होता, तोही मधेच फोनचा आवाज बंद करून दारातून "श्शूऽऽ" करून गेला. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, ती टाळ्या वाजवून हसत होती. आमच्या पायांना मुंग्या आल्या, टाकीतलं पाणी संपत आलं, हिचा पत्ता नाही. शेवटी कंटाळून नवऱ्याकडे दिली आणि त्याच क्षणी तिने त्याच्या ऑफिसच्या शर्टावर सगळा कार्यभाग उरकला. मी इतकी ओरडले की समोरच्या गॅलरीतून कुणीतरी "काय झालं हो?" विचारलं. काय सांगणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाचा नमुना मिळाला. बाटली हातात धरून मी लॅबमध्ये अशी गेले, जशी काही गंगाजल घेऊन निघाले आहे. तोवर तिचा ताप थोडा कमी वाटत होता. संध्याकाळपर्यंत अंग गार पडलं. रिपोर्ट आला, तर जंतू नाहीत.

मग काय विचारता! सासूबाईंनी दृष्ट काढली आणि माझ्याकडे बघत मीठ-मोहऱ्या जरा जास्तच जोरात उतरवल्या. नवरा म्हणाला, "बघ, उगाच घाबरवतात. सोड आता." डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, "मधे तापाशिवाय दुसरं कुठलं औषध दिलंत का?"

"नाही हो डॉक्टर," मी ठणकावून सांगितलं. "तुम्ही नको म्हणालात, मग कसं देईन?"

"ठीक. ताप परत आला तर तडक घेऊन या."

आठवडाभरात आला. या वेळी ती दूधही ओढेना, नुसती खांद्यावर मान टाकून पडून राही. मी तिचे कपडे पिशवीत भरत होते, तेवढ्यात सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "कशाला जातेस उन्हात? वरच्या वहिनींकडून आणू का ते गुलाबी औषध? मागच्या वेळी त्यानेच उतरला ना."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. "कुठलं गुलाबी औषध?"

वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या नातवाला कधी तरी कानासाठी दिलेलं, जंतू मारायचं औषध. बाटलीत उरलं, म्हणून फ्रिजच्या दारात ठेवलेलं. आमच्या सोसायटीत विरजण मागावं तशी औषधं मागायची पद्धत होती. लेबल वाचायची नाही. डॉक्टरांनी औषध दिलं नाही म्हणून सासूबाईंनी त्या दिवशी दुपारीच वाटीतून ते खाली आणलं होतं आणि मी नजरेआड झाले की अर्धा-अर्धा चमचा पाजत होत्या. ताप उतरला तसं बंद केलं. "उगाच जास्त औषध नको पोरीला," हे वर.

मला भयंकर संताप आला. पण बोलायला वेळ नव्हता. पोरीला उचललं आणि निघाले. सासूबाई चपला घालून न विचारता मागोमाग रिक्षात बसल्या.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "शिळं औषध, अंदाजे डोस, आणि तेही अर्धवट. जंतू मेले नाहीत, नुसते लपले. आपण त्यांना आठवड्याभराची सवलत दिली." त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, पण ते कुणासाठी होतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. या वेळी नमुना त्यांनीच नळीने काढून घेतला. मी तिचे पाय धरले होते. तिचं रडणं ऐकवत नव्हतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. लगेच इंजेक्शनं सुरू झाली, आणि सोनोग्राफी सांगितली.

लघवीत जंतू निघाले, भरपूर. सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवायला आम्ही परत गेलो. नवऱ्याची मीटिंग होती, त्यामुळे मी, मुलगी आणि सासूबाई. मधल्या दिवसांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. काय काय बोलायचं ते मात्र मनात घोकून ठेवलं होतं, वाक्यन् वाक्य. रिपोर्ट काय आहे ते कळलं की सुरू करणार होते.

डॉक्टर फिल्म उजेडाकडे धरून बघत होते. "उजव्या मूत्रपिंडाला सूज आहे."

एवढंच ते म्हणाले आणि पुढचं वाचायला लागले. तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून उठल्या. एरवी परक्या माणसासमोर पदर सावरून बसणारी बाई, सरळ टेबलाला टेकून उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, माझं घ्या. म्हातारीचं चालत असेल तर आजच घ्या. एक नाही पुरलं तर दोन्ही घ्या. मला आता काय करायचंय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मी त्यांना पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या माणसाशी हळू बोलताना ऐकलं. "आजी, बसा. तिची दोन्ही तिचीच राहणार आहेत. सूज जंतूंमुळे आहे, उतरेल. पण औषध शेवटच्या दिवसापर्यंत द्यायचं. ती खेळायला लागली तरी, ताप गेला तरी. आणि पुन्हा तपासायचं."

सासूबाई बसल्या. रिक्षात त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं आणि बाहेर बघत म्हणाल्या, "तू अजून काही बोलली नाहीस मला. बोलून घे एकदाचं."

मग मी बोलले. जे जे घोकलं होतं ते सगळं बोलले, घरापर्यंत, रिक्षावाल्याची लाजही न बाळगता. रडत होते आणि बोलत होते. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. सोसायटीच्या फाटकाशी उतरल्यावर मुलीचं टोपडं सारखं करत त्या म्हणाल्या, "झालं? आता औषध किती आणि कधी द्यायचं, ते मला परत एकदा सांग."

मी चारदा सांगितलं.