शेजारची बशी

सकाळी सायरन वाजला आणि मी प्रयोगशाळेचं मेन बटण बंद केलं. तासाभराने धोका टळल्याचा भोंगा झाला, तेव्हा ते पुन्हा चालू केलं. त्यानंतर दहाव्या दिवशी चाची वारल्या.

चाची म्हणजे परकारचाचांची बायको. चाचा रत्नागिरीकडचे, सौदीतल्या दम्मामच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत माझे वरिष्ठ. त्यांचा कशावरच विश्वास नसे. पाव हुंगून घेत, रेडिओवरची बातमी दोन स्टेशनांवर पडताळत. आमचा अरब मालक, म्हणजे कफील, हसून बोलला की म्हणत, "राहायचा परवाना, इकामा, नीट जागेवर हाय का बघ." आखाती युद्ध सुरू झालं, विषारी वायूच्या भीतीने घरोघरी खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, लोक पाण्यालाही भिऊ लागले. चाचा खूश. "बघ पुणेकर, सगळं शहर आता माझ्या वळणावर आलं."

आमचं काम औषधं तपासण्याचं. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या हृदयाच्या पेशी आम्ही काचेच्या बशीत, उबदार पेटीत जगवायचो. बशीच्या तळाला केसासारख्या बारीक तारा होत्या. पेशी धडधडल्या की तारांना कळे आणि कागदाच्या पट्टीवर लेखणी उडे. औषधाचा थेंब पडला की तिची चाल बदले.

या पेशींवरही चाचांचा भरवसा नव्हता. औषधाच्या बशीशेजारी ते नेहमी एक बिनऔषधाची बशी ठेवत. तिला साक्षीदार म्हणत. मी एकदा कंटाळून ती टाळली, तर म्हणाले, "एकट्या फिर्यादीचं ऐकून फाशी देतोस काय रे?"

चाचींचं हृदय दुबळं होतं. जहाजं अडकली आणि त्यांच्या नेहमीच्या गोळ्या संपल्या. बाजारातून दुसऱ्या बनावटीच्या मिळाल्या. चाचांनी पाकीट उजेडात धरलं. "छपाई पुसट हाय. तपासल्याशिवाय देणार नाय."

बुरैदा शहरातून येणारी अंडी बंद झाली होती. एकच बशी जिवंत उरली होती. सकाळी चाचांनी तिचे ठोके उतरवून घेतले, पेटीचं तापमान पाहिलं, तेवढ्यात सायरन झाला आणि ते तळघरात गेले. सायरन झाला की पंखे, हीटर सगळं बंद करायचा हुकूम होता. ते काम माझं. चाचा परतले ते गळ्यात वायूचा मुखवटा लोंबत असतानाच. आल्या आल्या त्यांनी थेंब टाकला. लेखणी सकाळपेक्षा फार मंद चालली. पाच मिनिटांनी त्यांनी पट्टी फाडली.

"बघितलंस? विष हाय हे."

गोळ्या कचऱ्यात गेल्या. नमुना ठेवायचा नियम म्हणून एक मी खणात टाकली. चाचा जहाजाची वाट बघत राहिले.

चाची गेल्यावर सहाव्या दिवशी पुन्हा सायरन वाजला. माझा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. मेन बंद केलं की पेटीही बंद पडते आणि पुन्हा तापायला तास लागतो. त्या दिवशी पेशी गारठूनच मंदावल्या होत्या.

अंडी पुन्हा आली तेव्हा खणातली गोळी मी दोन बशा ठेवून तपासली. साक्षीदाराची बशी शांतपणे चालली होती. औषधाच्या बशीत ठोके जोरकस झाले. गोळी चांगली होती.

चाचा नोकरी सोडून निघाले, तेव्हा विमानतळावर मी त्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ बॅगेचा पट्टा घट्ट करत राहिले.

"साक्षीदार मी ठेवला नव्हता," ते म्हणाले. "तू हुकूम पाळलास." मग म्हणाले, "अख्ख्या दुनियेवर शंका घेतली रे मी. पेटीला एकदा हात लावून बघायचं मला का सुचलं नाय?"

मी त्यांची बॅग उचलून दिली. "यल्ला, चल," म्हणाले आणि आत गेले.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचं पत्र आलं. चाचा गेले.

त्या दिवशी फाडलेली पट्टी माझ्याकडे आहे. तिच्यावर एकाच बशीची रेघ आहे.