टाकीतला कडुनिंब

गाडी पुन्हा बंद पडली. सकाळपासून तिसऱ्यांदा. कळमन्याच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं, आणि त्या दिवशी माझं डोकं पार कामातून गेलं होतं.

मोटरसायकल पारशिवनीकडच्या नामदेवरावांची. चार वर्षं गोठ्यात उभी होती, म्हणून धान्याच्या ट्रकवर घालून आणलेली. सोबत त्यांचा मुलगा रमेश, इस्त्रीचा शर्ट घालून. चार वाजता कळमेश्वरला मुलगी पाहायला जायचं होतं. मध्यस्थाने तिकडे सांगून टाकलं होतं की मुलाजवळ चालू मोटरसायकल आहे. मुलीचे वडील हुशार. ते म्हणाले, "असन तर तिच्यावरच या." रमेशने ती मुलगी एका लग्नात पाहिली होती, आणि तेव्हापासून पोरगा धड जेवत नव्हता.

रेस दिली की गाडी मस्त. हात सोडला की खलास. म्हणजे आयडलिंग नाही. आयडलिंग म्हणजे काय, तर दारात थांबून दोन्ही हात जोडले तरी इंजिन आपलं आपण चालू राहणं.

"नमस्कार एका हातानं केला तर?" रमेश म्हणाला. "दुसरा रेसवर ठेवतो."

"पोरगी पाहाले चालला का ट्रॅफिक सांभाळाले?" मी म्हणालो.

कार्बोरेटरमध्ये एक बारीक जेट असतो. त्याच्या सुईएवढ्या भोकातून आयडलिंगचं पेट्रोल जातं. मी तो काढला, तांब्याच्या तारेने साफ केला, फुंकला, बसवला. गाडी दहा मिनिटं छान चालली आणि बंद. पुन्हा साफ. पुन्हा दहा मिनिटं. तिसऱ्यांदा मी जेटमधली घाण बोटावर घेऊन पाहिली. हिरवट होती. तीस वर्षं ग्रीस खाल्लेला माणूस मी, पण हिरवी घाण पहिल्यांदाच पाहत होतो. वास घेतला. चाखून पाहिली. कडू जहर.

टाकीच्या झाकणाभोवती माती वाळलेली होती. सकाळी मला वाटलं, खेड्यातली गाडी आहे, चिखल उडाला असेल. आता नीट पाहिलं तर शेणमातीने व्यवस्थित लिंपल्याची खूण होती.

"नामदेवराव, टाकीत काय टाकलं होतं गा?"

"कडुनिंबाचा पाला," ते म्हणाले, अगदी सहज. "टाकी रिकामी केली, उन्हात वाळवली, पाला भरला अन् तोंड लिंपून टाकलं. गहू नाही का ठेवत आपण?"

"गाडी म्हणजे गहू आहे का?"

"चार वर्षांत कीड लागली का तिले?"

कीड खरंच लागली नव्हती. गंजसुद्धा नव्हता. पाला काढला होता त्यांनी, पण चुरा तळाशी राहिला होता, आणि त्यावर पेट्रोल ओतून मोकळे झाले होते. मी टाकी उतरवली. रॉकेलने पाच वेळा खळखळून धुतली. घमेल्यात जे पडलं ते पाहून रमेश मटकन खाली बसला.

साडेतीनला गाडी निघाली. मागे नामदेवरावांना बसवून माझी स्कूटर, कारण माझी इज्जतही त्याच गाडीवर होती.

मुलीचे वडील दारातच उभे होते. रमेशने गाडी थांबवली, हात सोडले, जोडले. इंजिन चालू. मला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पण रमेश हात खाली घेईना, गाडीही बंद करीना.

"बंद करा न आता," वडील म्हणाले. मग त्यांनी हवा हुंगली. "कडुनिंबाचा वास काहून येऊन राहिला?"

मी मान खाली घातली. नामदेवरावांनी मात्र पाल्याची सगळी हकीकत छाती काढून सांगितली. रमेश जमिनीकडे पाहत होता. त्याच्या हिशोबाने लग्न मोडलं होतं.

आतून मुलगी खुदकन हसली. "आमच्या बाबानं रेडिओत पाला भरला आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं झाले, बोलतच नाही तो."

वडील म्हणाले, "पण झुरळ आहे का एक तरी?"

"तेच म्हणून राहिलो मी," नामदेवराव म्हणाले, आणि दोघं व्याही होऊनच आत गेले.

गाडी बरेच दिवस ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर कोरडे करावेत, आत काही भरू नये. हे मी तिथेही सांगितलं, पण ऐकायला कोणी नव्हतं. पोहे येईपर्यंत मी रेडिओ उघडून बसलो होतो.